आधी माठ भरा, मग शपथ घ्या: नव्या वर्षात मंडळीच्या सेवेला लागणाऱ्यांसाठी

३१ डिसेंबरच्या रात्री पावणेबाराला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दिवे मंद करतात. सगळे गुडघे टेकतात. कुणी रडतं, कुणी पुटपुटतं, मागच्या बाकावरची पोरं पेंगतात. बारा वाजले की पाळकसाहेब (पास्टर) आशीर्वाद देतात आणि हात हातात घेऊन शुभेच्छा सुरू होतात. बाहेर केक नि चहा. त्या चहाच्या रांगेत मंडळीचा सेक्रेटरी उभा असेल तर दर वर्षी चार-सहा जण तरी त्याला बाजूला घेतात. "सेक्रेटरीसाहेब, यंदा मला देवाची सेवा करायचीय. काहीतरी काम सांगा."

तो सेक्रेटरी बरीच वर्षं मी होतो. त्या चार-सहांपैकी मार्चमध्ये किती उरायचे, हे लिहीत नाही, कारण त्यातले काही जण हे वाचतील. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. सुरुवात कुठून करायची हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मला तरी कुठे सांगितलं होतं? बाविसाव्या वर्षी मी एका रात्रीत तीन नवस केले: वर्षभरात अख्खं बायबल वाचायचं, संडे स्कूल शिकवायचं आणि दर शनिवारी खेड्यांवर जायचं. बायबल लेवीयाच्या पुस्तकापर्यंत गेलं आणि त्वचारोगाच्या नियमांपाशी अडकलं. संडे स्कूल चार रविवार चाललं. खेड्यावर एकदा गेलो, कारण स्कूटर मित्राची होती.

म्हणून हा लेख. नुकताच बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेले, नोकरीसाठी गाव सोडून शहरातल्या नव्या मंडळीत आलेले, किंवा बरीच वर्षं दूर राहून पुन्हा उपासनेला येऊ लागलेले, अशांसाठी. मी प्रॉटेस्टंट मराठी मंडळीत वाढलो, त्यामुळे शब्द तिथले येतील. कुठे पास्टोरेट कमिटी असते, कुठे पंच असतात, मुक्तिफौजेत ऑफिसर असतात, वसईकडे फादर आणि पॅरिश. नावं बदलतात, माठ सगळीकडे एकाच तऱ्हेने रिकामा होतो.

पहिली पायरी: कॅलेंडर काढा

प्रार्थना आधी करू नका असं मी म्हणत नाही. पण प्रार्थना करून झाल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि पेन घ्या. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू विचारतो, की बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही का? "आधी बसून" हे शब्द मला फार आवडतात.

जानेवारी-फेब्रुवारीचे रविवार बघा. कंपनीत तिसरी शिफ्ट कधी आहे? मुलीची दहावी आहे का? ऊसतोड चालू आहे का? सासरी लग्न आहे का? हे सगळं लिहा. उरलेल्या वेळातून अर्धा वजा करा, कारण माणूस दमतो, आजारी पडतो, पाहुणे येतात. बहुतेकांच्या हाती आठवड्याला दोन तास उरतात. लाजू नका. दोन तास पुष्कळ झाले.

आणि हिशेबात शून्य आलं तर? घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, दोन नोकऱ्या आहेत, तान्हं बाळ आहे. मेथडिस्ट मंडळ्यांत वर्षाच्या सुरुवातीला कराराची उपासना होते. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीने ती १७५५ साली लंडनमध्ये सुरू केली. तिच्या प्रार्थनेत माणूस देवाला म्हणतो, की मला तुझ्यासाठी कामाला लाव किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. दुसरा अर्धा भाग लोक घाईत म्हणून टाकतात. ज्याच्या घरी आई अंथरुणावर आहे त्याची सेवा तिच्या उशाशी चालूच आहे. त्याने मंडळीच्या कमिटीत नाव घालायची गरज नाही, आणि कुणी त्याला तसं बोलून दाखवलं तर ते मनावर घेऊ नये.

आणखी एक हिशेब नवऱ्यांसाठी. प्रार्थनासभा आपल्या घरी ठेवण्याचं वचन तुम्ही द्यायचं आणि वीस जणांचा चहा-पोहे बायकोने करायचे, ही सेवा तिची झाली, तुमची नाही. आधी तिला विचारा. नंतर कप तुम्ही विसळा.

दुसरी पायरी: आपल्या दारासमोरची भिंत

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेत क्वचितच वाचतात. नुसती नावांची यादी आहे म्हणून. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधायचा होता, आणि कुणी कुठला तुकडा बांधला याची ती नोंद आहे. मंडळीच्या सेक्रेटरीला मात्र हा अध्याय ड्यूटीच्या तक्त्यासारखा ओळखीचा वाटतो.

त्यात बांधणारे कोण आहेत बघा. याजक आहेत. एक सोनार आहे. एक सुगंधी द्रव्यं बनवणारा आहे. शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन आलाय, आणि त्या मुलींची नोंद स्पष्ट झाली आहे. तकोवा गावचे सामान्य लोक आलेत, पण त्यांच्या सरदारांनी मान खाली घालून काम करायला नकार दिला, हेही लिहून ठेवलंय. (असे सरदार प्रत्येक मंडळीत असतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका.) आणि पुन्हा पुन्हा एक वाक्य येतं, की अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. मशुल्लाम नावाच्या एकाला घरही नसावं, त्याने आपल्या खोलीसमोरचा भाग बांधला.

सोनाराने गवंडीकाम केलं. म्हणजे "माझं दान कुठलं" हा प्रश्न तो आधी सोडवत बसला नाही. भगदाड समोर दिसत होतं. आजकाल तरुण मुलं मला विचारतात, "अंकल, माझं कॉलिंग काय असेल?" मी सांगतो, तुझ्या बाकासमोर काय पडलंय ते बघ.

हे बघायला तीन रविवार द्या. या तीन रविवारी कुठलंही काम मागू नका. उपासनेच्या वीस मिनिटं आधी या आणि संपल्यावर वीस मिनिटं थांबा. या चाळीस मिनिटांत मंडळी खरी दिसते. कुलूप कोण उघडतं? सतरंज्या कोण अंथरतं, गीतांचे नंबर फळ्यावर कोण लावतं? पेटीवरची धूळ कोण पुसतं? प्रभुभोजनाचे छोटे ग्लास नंतर कोण धुतं, आणि त्या बाईंचं वय काय? कुठली आजी एकटी रिक्षा शोधत फाटकात उभी असते? कुठलं कुटुंब शेवटच्या बाकावर येऊन, कुणाशी न बोलता निघून जातं? वहीत लिहून ठेवा. नावं लिहू नका, कामं लिहा.

तीन रविवारांनंतर त्या वहीत एक गोष्ट अशी असेलच, जी एकच माणूस वर्षानुवर्षं करतोय आणि आता त्याची कंबर दुखतेय. ते तुमच्या दारासमोरचं भगदाड.

तिसरी पायरी: विचारायचं कसं

"मला काहीही काम द्या" हे वाक्य ऐकायला नम्र वाटतं, पण पाळकांच्या डोक्याला त्याने ताप होतो. काहीही म्हणजे काय? ते तुमचं नाव डायरीत लिहितात, आणि नाव डायरीतच राहतं. त्याऐवजी नेमकं बोला. कसं, ते सांगतो:

"सलाम, पाळकसाहेब. मला दर रविवारी उपासनेआधी एक तास आणि महिन्यातून एक शनिवार दुपार मोकळी आहे. मावशी एकट्या ग्लास धुताना दिसल्या. त्यांना हाताखाली माणूस चालेल का, मी विचारू?"

"विचारा की. पण त्यांची पद्धत आहे हं. ती मोडू नका."

हे शेवटचं वाक्य तुम्हाला प्रत्येक ठिकाणी ऐकू येईल. ऐका. पहिले दोन महिने त्यांच्या पद्धतीनेच करा, ती तुम्हाला चुकीची वाटली तरी. मावशी ग्लास तीन पाण्यांतून काढत असतील तर तुम्हीही तीन पाण्यांतून काढा. का ते तुम्हाला महिन्याभराने कळेल, किंवा कळणार नाही, पण मावशी तोवर तुमच्याशी बोलायला लागलेल्या असतील.

पाळकांशी बोलल्याशिवाय काही सुरू करू नका, पण खरी माहिती फक्त त्यांच्यापाशी असते असंही समजू नका. कोण आजारी आहे, कुणाकडे चूल थंड आहे, कुणाचा मुलगा बोलेनासा झालाय, हे महिला मंडळाच्या ताईंना आधी कळतं. आणि मंडळीच्या आवारात राहणाऱ्या वॉचमनला तर सगळंच.

चौथी पायरी: कामात काय काय असतं

इथे थोडा वेळ घेतो, कारण बाहेरून सोपी दिसणारी कामं आतून वेगळी असतात.

आजाऱ्यांना भेटणं हे सगळ्यांना जमेल असं वाटतं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माझी चूक आधी सांगतो. मंडळीतल्या एका काकांचं ऑपरेशन झालं होतं. आम्ही तरुण संघाचे अकरा जण ढोलकी घेऊन वॉर्डात गेलो. तीन गीतं म्हटली, एकाने लांब प्रार्थना केली, एकाने पंधरा मिनिटं वचन सांगितलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट भिंतीकडे तोंड करून झोपला. काका हसत होते. महिन्याभराने त्यांनी सांगितलं, "बाबा, मला लघवीला जायचं होतं रे."

तेव्हापासूनचा नियम: दोघांनी जायचं, जास्त नाही. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं, आणि कॅथलिकांच्या सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेचे लोकही गरिबांच्या घरी जोडीनेच जातात. पेशंट बाई असेल तर जोडीत बाई हवीच. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. खाटेवर बसू नका. प्रार्थना करू का, हे विचारा, आणि "नको" म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. आजाराचं कारण सांगू नका. "देवाची इच्छा", "काहीतरी पाप असेल", "विश्वास कमी पडला", यातलं एकही वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं.

खरी गरज बहुतेक वेळा पेशंटजवळ बसलेल्या माणसाची असते. ती सून किंवा ती आई दोन रात्री खुर्चीवर झोपलेली असते. तिला म्हणा, "ताई, मी दोन तास बसतो इथे. तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या." एवढं काम एखाद्या गीताहून मोठं आहे. डबा नेणार असाल तर डॉक्टरांनी काय बंद केलंय ते आधी विचारा, आणि तिच्यासाठी वेगळा डबा भरा. डबे परत मागायची घाई करू नका.

संडे स्कूल. मुलं आवडतात म्हणून शिकवायला जाणारे बरेच असतात. मुलं आवडणं हा भाग पहिल्या पाच मिनिटांत संपतो. शनिवारी रात्री तासभर तयारी हवी, गोष्ट पाठ हवी, वाचून दाखवायची नाही. एक गोष्ट, एक गीत, एक वचन, बस्स. आणि एक नियम ज्यात सूट नाही: वर्गात कायम दोन मोठी माणसं. एकट्या शिक्षकाने एकट्या मुलाला खोलीत थांबवायचं नाही, घरी सोडायचं नाही, आईवडिलांना डावलून फोनवर मेसेज करायचे नाहीत. "आपल्या मंडळीत असं कुणी नाही" हे उत्तर मला चालत नाही. लहान मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. त्यात गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे, आणि मंडळीचं आवार त्यातून सुटत नाही. हा नियम मुलांचं रक्षण करतो, आणि प्रामाणिक शिक्षकाचंही. तुमच्या मंडळीत अजून तो नसेल तर नवखे असूनही विचारा.

गायन. मराठी ख्रिस्ती माणसाला याचा अभिमान असायला जागा आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, आणि त्यानंतर त्यांनी अभंग-ओवीच्या चालीवर येशूची गीतं लिहिली. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आपल्या आज्यांना ही गीतं तोंडपाठ आहेत, पुस्तक बंद ठेवून म्हणतात. तुम्ही गिटार घेऊन आलात तर या, पण बघून या. मी आलो होतो तेव्हा पाहिलं नव्हतं. माझ्या गळ्याला बरी म्हणून चढी पट्टी धरायचो आणि लय वाढवायचो. आमच्या मंडळीत एक वयस्कर गृहस्थ पेटी वाजवायचे. ते काही बोलले नाहीत, फक्त एक एक रविवार मागच्या बाकावर सरकत गेले. पेटीला कुलूप लागलं ते मला ईस्टरला कळलं, तेही एका गीताची चाल कुणालाच आठवेना तेव्हा. मग मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि चाल शिकवली. त्या चालीत एक हरकत होती, ती मला अजून जमत नाही. नव्याने गायला लागणाऱ्याने महिन्याला एक जुनं गीत कुणा ज्येष्ठाकडून शिकावं. गळ्यासाठीही आणि त्या घरी जाणं होतं म्हणूनही.

पैशांचं काम नवख्याला सहसा देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. दिलंच तर एकट्याने अर्पणाची थैली मोजू नका. दोघांनी मोजायची, त्याच दिवशी वहीत लिहायची, दोघांनी सही करायची, पावती जागेवर फाडायची. प्रेषित पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती पोहोचवायला मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कारण देवाच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही सगळं सरळ असावं, असं तो लिहितो. पौलावर कुणी शंका घेतली असती असं आपल्याला वाटत नाही. त्याला वाटत होतं.

न दिसणारी कामं: माठ, चपलांची रांग, खुर्च्या, संडास, पंख्यांचे स्विच. यांना कुणी साक्षीत आठवत नाही. नवख्याने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे, आणि ते केवळ नम्रतेसाठी नाही. माठ भरणारा माणूस सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांना पाणी देतो, आणि दोन महिन्यांत त्याला दीडशे नावं पाठ होतात. दुसऱ्या कुठल्याही कामात ओळखी इतक्या लवकर होत नाहीत. चौऱ्याऐंशीव्या स्तोत्राच्या कवीला देवाच्या घराच्या उंबरठ्यावर उभं राहणं दुष्टांच्या तंबूत राहण्याहून बरं वाटत होतं. त्याला उंबरठ्यावरची ही मजा ठाऊक असावी.

मंडळीच्या भिंतीबाहेरचं काम: वस्तीतली अभ्यासिका, रक्तदान, उन्हाळ्यातली पाणपोई, शेजारच्या म्हाताऱ्याचे पेन्शनचे कागद. हे करा, आणि एक पथ्य पाळा. मदतीला अट लावू नका. पाणी पाजताना पत्रिका हातात कोंबू नका, अभ्यासिकेत येणाऱ्या मुलाला उपासनेला यायला भाग पाडू नका. कुणी विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर सरळ सांगा. न विचारलं तर पाणी पाजा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्यांनी तान्हेल्याला पाणी दिलं, त्यांना आपण कुणाला दिलं हेही माहीत नव्हतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण भाषणात नेहमी देतो, पण केडगावला प्रत्यक्षात काय चालायचं ते बघण्यासारखं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. मुक्ती या त्यांच्या केडगावच्या आश्रमात त्या मुलींना फक्त आसरा नव्हता. शेती होती, विणकाम होतं, शिवण होतं, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि त्याचे खिळे जुळवण्याचं काम तिथल्याच बायकांनी केलं. १९२२ साली रमाबाई वारल्या. सेवा घेणारीच्या हातात काम देणं, हे मला त्यांच्याकडून शिकायला फार उशीर झाला. आम्ही वर्षानुवर्षं विधवांना धान्य वाटत होतो आणि मंडळीच्या स्वयंपाकाचं कंत्राट बाहेर देत होतो.

पाचवी पायरी: बावन्न दिवस

आता शपथेचं. "यंदा", "कायम", "मरेपर्यंत" हे शब्द ३१ डिसेंबरच्या रात्री वापरू नका. नहेम्याचा कोट बावन्न दिवसांत पुरा झाला. तुम्हीही बावन्न दिवसच मागा. १ जानेवारीपासून मोजलं तर २१ फेब्रुवारीला संपतात. त्यात सात-आठ रविवार येतात. कमिटीला तसंच सांगा: "२१ फेब्रुवारीपर्यंत माठ माझ्याकडे. मग पुन्हा बोलू."

याचा फायदा दोन्हीकडे होतो. तुम्हाला शेवट दिसतो म्हणून तुम्ही टिकता. आणि काम तुम्हाला जमत नसेल तर कमिटीला, कुणाचं मन न दुखवता, दुसरा माणूस बघता येतो.

या दिवसांत जोडीदार हवा. तुम्ही आला नाहीत तर तो माठ भरेल असा. रविवारी येणं जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत सांगा, रविवारी सकाळी आठ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याचं चित्र पाठवू नका. एक छोटी वही ठेवा: तारीख, काय केलं, काय राहिलं. आध्यात्मिक चिंतन त्यात लिहायची सक्ती नाही. "तोटी गळते, वॉशर आणणे" एवढं चालेल.

वचन आणि प्रार्थना? काम असेल त्या दिवशी घरातून निघण्याआधी पाच मिनिटं. तेवढी चुकवू नका. अख्खं बायबल वाचायचंच असेल तर मार्कपासून सुरू करा, सोळा अध्याय आहेत, आणि लेवीय भेटेपर्यंत तुमचा हात बसलेला असेल.

सहावी पायरी: फेब्रुवारीचा पहिला आठवडा

हा येणारच. उत्साह ओसरलेला, कुणी आभार मानलेले नाहीत, आणि कुणीतरी म्हणालेलं असतं, "पाणी गरम का आहे?"

एलिया संदेष्ट्याला हे झालं होतं. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालं आणि लगेच तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागायला लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं पुढे, होरेब डोंगरावर. तेव्हा पहिल्यांदा हे बघा: शनिवारी रात्री किती वाजता झोपलात? रविवारी न खाता आलात का? निम्मी वैतागं एवढ्याने जातात.

उरलेली निम्मी भांडणांची असतात. मंडळीतली भांडणं बघून नवखा हबकतो, "देवाच्या घरात असं?" असंच. पौल आणि त्याचा साथीदार बर्णबा, मार्क नावाच्या तरुण सोबत्यावरून इतके भांडले की वेगवेगळ्या वाटांनी गेले. लूकने ते लपवलं नाही. पुढे कैदेतून पौलाने तीमथ्याला लिहिलं, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. मध्ये बरीच वर्षं गेली होती. तुमचं भांडण त्याच रविवारी मिटलं नाही तर जग बुडत नाही. फक्त त्या माणसाबद्दल तिसऱ्याशी बोलू नका, ग्रुपवर तर मुळीच नाही. त्याच्याशीच बोला, उपासनेआधी नको, नंतर, आणि चहा घेऊन.

मार्थेची गोष्ट लोक तुम्हाला सांगतील, स्वयंपाक करणारीला येशूने रागावलं म्हणून. नीट वाचा. त्याने रांधण्याला नावं ठेवली नाहीत. ती किती गोष्टींची चिंता करत होती आणि बहिणीकडे बोट दाखवत होती, त्यावर तो बोलला. "मी एकटाच राबतोय, ते बघा कसे बसलेत" हे वाक्य मनात आलं, की समजा आज काम कमी करायची वेळ झाली.

सातवी पायरी: किल्ली दुसऱ्याच्या हातात

२१ फेब्रुवारीनंतर बसा आणि ठरवा. जमलं तर ईस्टरपर्यंत पुढे न्या. नाही जमलं तर सरळ सांगून थांबा. थांबणं पळणं नव्हे, न सांगता नाहीसं होणं म्हणजे पळणं.

आणि पुढे नेलंत तर पहिल्या दिवसापासून कुणालातरी शिकवत राहा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत होता. त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, बघितलं आणि सांगितलं, हे चांगलं नाही, तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. सासऱ्याचं ऐकणारा जावई मला तरी शास्त्रात दुसरा आठवत नाही. आपल्याकडच्या मंडळ्यांत एकेक काम एकेका माणसाबरोबर कबरस्तानात जातं, कारण त्याने ते कुणाला दाखवलंच नाही. आमच्या जुन्या घंटेची दोरी कशी ओढायची, हे फक्त एका बाबांना ठाऊक होतं. ते गेल्यावर दोन महिने घंटा एकाच बाजूने वाजायची.

तर येत्या रविवारी उपासना साडेनऊला असेल तर नऊ दहाला या. किल्ली बहुधा वॉचमनकडे असते, नाहीतर शेजारच्या घरातल्या बाईंकडे. माठ आदल्या रात्रीच धुऊन पालथा घातलेला बरा. सकाळी भरलेलं पाणी उपासना संपेतो गार होतं. झाकणावर ताटली ठेवा आणि पेला साखळीला बांधा, नाहीतर संडे स्कूलची पोरं तो खेळायला नेतात.